कॅराव्हानच्या पलंगापाशी सॉकेट आणि दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात आता घरगुती कॅराव्हान बऱ्याच दिसायला लागल्यात. कोणी जुनी ट्रॅव्हलर घेऊन अंबडच्या गाळ्यात आतलं काम करून घेतंय, कोणी विंगरमध्ये स्वतःच प्लाय कापतंय, आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय तसे "घरच्यांची झोपायची सोय गाडीतच करू" म्हणणारे अजून वाढलेत. ओटा, टॉयलेट, पाण्याची टाकी यावर सगळे भरपूर डोकं लावतात आणि पलंगाची पाळी येते तेव्हा पैसे आणि उत्साह दोन्ही संपलेले असतात, मग छतात एक दिवा, पायथ्याशी एक सॉकेट, झालं. त्यानंतर जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र केलेत.

छतात चांगला दिवा आहे, मग अजून कशाला खटाटोप?

कारण त्या दिव्याचं बटण दारापाशी असतं. एकाला झोपायचंय, दुसऱ्याला वाचायचंय, छतातला दिवा दोघांच्या डोळ्यावर. बंद करायला उठलात की परत येताना अंधारात नडगी पलंगाच्या कोपऱ्यावर आपटणार. मोबाईलचं तेच, चार्जर ओट्यापाशी नि सकाळचा अलार्म पण तिकडेच वाजणार. घरात हे चालून जातं, गाडीत सहा बाय चारच्या जागेत दोन माणसं असली की लगेच खुपतं.

सॉकेट नेमकं कुठे काढू?

टेप घेऊन उभ्याउभ्या मोजू नका. गादी टाका, उशी ठेवा, आडवे पडा, दिवे घालवा आणि हात जिथे आपोआप जातो तिथे पेन्सिलीने खूण करा. दोघं झोपणार असाल तर दोघांनी आपापल्या बाजूला पडून खूण करायची, एकाने दुसऱ्याच्या वतीने ठरवायचं नाही. गादी टाकून मोजायचं याचं कारण म्हणजे नुसत्या फळीवर मोजलेलं सॉकेट सहा इंची गादी आली की अर्धं झाकलं जातं आणि मग पिन घालायला गादी वाकवावी लागते, असं काम मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय.

साधारण हिशोब असा की सॉकेट गादीच्या वरच्या कडेपासून एक वीतभर वर आणि डोक्याच्या थोडं बाजूला. बरोबर डोक्यामागे नको, टेकून बसलं की पिन पाठीत टोचते आणि वायर मुळातून मोडते. जवळच मोबाईल ठेवायला एक छोटी फळी किंवा कापडी खिसा हवाच, फळी नसली की फोन उशीखाली जातो आणि चार्ज होणारा फोन उशीखाली तापतो, ते बरं नाही.

वाचायचा दिवा गादीपासून दोन-सव्वादोन फूट वर आणि मान फिरवता येईल असा. त्याचं बटण दिव्यावरच असलेलं उत्तम, एक वायरिंग वाचतं.

बेडरूममध्ये २३० व्होल्टचे किती पॉइंट ठेवू?

एक. फार तर एक सहा अँपचा, तोही शटरवाला, म्हणजे पिन नसताना भोकं आतून झाकणारा. बाकी सगळं १२ व्होल्टवर आणि यूएसबीवर करा.

यावर लोक वाद घालतात कारण घरात आपल्याला थ्री-पिनची सवय असते. पण पलंगावर आडवं पडून माणूस वापरतो काय? मोबाईल, लॅपटॉप, दिवा, छोटा पंखा, कोणाचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकाला लावतात ते). यातलं जवळजवळ सगळं शेवटी डीसीवरच चालतं. बॅटरीची १२ व्होल्ट डीसी इन्व्हर्टरने २३० एसी करायची आणि चार्जरने परत पाच व्होल्ट डीसी करायची, म्हणजे नाशिकरोडहून सिडकोत जायला आधी ओझरला जाऊन यायचं. दोन्ही टप्प्यांत पॉवर वाया जाते, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी खातो. साधारण हजार वॅटचा इन्व्हर्टर रिकामाच अर्धा ते एक अँप ओढतो, म्हणजे रात्रीच्या आठ तासांत ४ ते ८ अँपअवर फुकट गेले, वर त्याच्या पंख्याची घरघर कानाशी.

१२ व्होल्टसाठी घरातलं थ्री-पिन सॉकेट मात्र वापरू नका, कितीही स्वस्त आणि सोपं वाटलं तरी. आज तुम्हाला माहितीये त्यात १२ आहे, उद्या पाहुणा येऊन त्यात चार्जर घालेल आणि "चार्जच होत नाही" म्हणेल, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे १२ चं सामान त्याच पिनवर बनवलंत तर कोणीतरी ते २३० मध्ये घालेल.

यूएसबी सॉकेट कोणतं घ्यायचं?

टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वॅट देणारं) असलेलं घ्या. साध्या जुन्या यूएसबीतून १२ वॅटच्या आसपास मिळतात, फोनला पुरतात पण लॅपटॉपला नाही. ६५ वॅटचं पीडी सॉकेट बहुतेक लॅपटॉप चालवतं आणि तेव्हा बॅटरीकडून साधारण ६ अँप ओढतं, वायर निवडताना हा आकडा लक्षात ठेवा. सिगरेट लायटरचं गोल सॉकेट पलंगापाशी नकोच, कसारा घाट उतरेपर्यंत पिन हलून बाहेर आलेली असते.

आणि एक, या सॉकेटांत निळा एलईडी असतो, काहींत व्होल्टेज दाखवणारे लाल आकडे. दुकानात भारी दिसतं. रात्री दोन वाजता तो निळा उजेड थेट नाकावर पडतो तेव्हा कळतं. झाकण असलेलं घ्या किंवा सगळ्या सॉकेटांना मिळून एक बटण ठेवा. बटणाचा फायदा असा की गाडी महिनाभर उभी राहिली तरी तो एलईडी थेंबथेंब बॅटरी पीत बसत नाही.

माझी गाडी १२ व्होल्टची की २४?

ट्रॅव्हलर, विंगर अशा गाड्या १२ च्या. मोठ्या ट्रक-बसच्या चेसिसवर बहुतेक २४ असतं, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या. मल्टिमीटर लावून बघा, अंदाजावर जाऊ नका, कारण १२ व्होल्टची एलईडी पट्टी २४ वर लावली तर प्रकाश एकदम झकास पडतो आणि थोड्याच वेळात वास येतो.

वायर कुठली टाकू? घराच्या वायरिंगची उरलीये ती चालेल?

मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची) तांब्याची एफआर, म्हणजे सहज पेट न घेणारी, वायर असेल तर आतल्या कामाला चालते, इंजिनाकडच्या भागात मात्र गाडीचीच वायर घ्या, तिथली उष्णता आणि ऑइल वेगळं. एका जाड तारेची वायर किंवा ॲल्युमिनियम अजिबात नको, हादऱ्याने तुटते.

जाडीत लोक फसतात. घरात दीडच्या (दीड चौरस मिलिमीटरच्या) वायरवर लाइटचा सगळा सर्किट चालतो, तर पलंगापाशी दीड पुरेल असं वाटतं. १२ व्होल्टवर गणित वेगळं आहे. समजा बॅटरी ड्रायव्हरच्या मागे आहे आणि पलंग गाडीच्या शेवटी, वायरचा रस्ता ६ मीटर. जायचे ६ आणि यायचे ६ मिळून १२ मीटर. त्यातून ५ अँप गेले तर दीडच्या वायरमध्ये जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, अडीचमध्ये साधारण ०.५ आणि चारमध्ये ०.३. घरच्या २३० मधून ०.८ गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही, १२ मधून गेले की पंखा मंद होतो, बॅटरी थोडी उतरली की लॅपटॉपचं चार्जिंग सुरू-बंद व्हायला लागतं आणि माणूस सॉकेटला शिव्या देत बसतो. म्हणून पलंगाकडे जाणारी मुख्य लाइन चारची टाका, तिथे एक छोटा फ्यूजबॉक्स लावा आणि तिथून दिव्यांना एकची किंवा दीडची, सॉकेटला अडीचची. वायरचा खर्च थोडा वाढतो, पण पॅनल लागल्यावर ती बदलायची म्हणजे अर्धी गाडी उघडायची.

निगेटिव्ह पण वेगळी वायर टाकून बॅटरीपर्यंत न्या. "बॉडीला अर्थ मार" म्हणतात गॅरेजवाले, पण रंग आणि गंज यामुळे ते जॉइंट पावसाळ्यानंतर कुरकुर करतात.

फ्यूज कुठे आणि केवढा?

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वितीच्या आत मुख्य फ्यूज, मग पलंगापाशी फाट्याफाट्यावर छोटे. फ्यूज वायरला वाचवायला असतो, दिव्याला नाही, म्हणून तो वायरच्या जाडीवरून ठरतो. दीडच्या वायरला १० अँप, अडीचला १५, चारला २० असं धरलं तर सुरक्षित बाजूला राहता. गाडीच्या ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत, १० लाल, १५ निळा, २० पिवळा. उडाला की तेवढ्याच अँपचा घालायचा, चांदीचा कागद गुंडाळून किंवा मोठा घालून काम भागवणारा कारागीर दिसला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

छतातल्या दिव्यातूनच फाटा काढला तर नवीन लाइन टाकावी लागणार नाही ना?

वाचायच्या दिव्यासाठी चालेल. ३ वॅटचा एलईडी पाव अँप घेतो, छताच्या वायरला त्याचं काही वाटत नाही. सॉकेटसाठी नाही चालणार.

पण फाटा काढताना बटणाच्या आधीच्या तारेतून काढा, नाहीतर छतातला दिवा बंद केला की वाचायचा पण बंद, आणि ज्यासाठी एवढं केलं ते राहिलंच.

दारापाशी आणि पलंगापाशी, दोन्हीकडून एकच दिवा लावता-घालवता येईल का?

येतो, जिन्याला असतं तेच टू-वे. दोन टू-वे स्विच आणि मधे दोन तारा जास्तीच्या, नाशकातला कुठलाही वायरमन डोळे झाकून करेल. साधे सहा अँपचे मॉड्युलर स्विच १२ व्होल्टच्या एलईडीला चालतात कारण करंट अगदी कमी असतो. फ्रिज, पंप असा जड डीसी लोड मात्र त्या स्विचवर टाकू नका, त्याला डीसी रेटिंगचाच घ्या.

माझ्या मते सगळ्या गाडीत पैसे वसूल करणारी एकच गोष्ट निवडायची तर ही. खर्च किरकोळ आणि रोज रात्री उपयोग. फक्त तारा पॅनल लागायच्या आधी टाकून ठेवायच्या.

दिवे कोणत्या रंगाचे, किती वॅटचे?

बेडरूमला पिवळसर, २७०० ते ३००० केल्विन. डब्यावर लिहिलेलं असतं. ६५०० चा पांढरा ओट्यावर ठीक आहे, पलंगावर लावला की दवाखान्यात ॲडमिट झाल्यासारखं वाटतं. वाचायला प्रत्येकी २-३ वॅट बास.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दिव्यावर "१० ते ३० व्होल्ट" असं काहीतरी लिहिलेलं बघा. गाडीची "१२ व्होल्ट" म्हणजे कधीच नेमकी १२ नसते, चार्जिंग चालू असताना १४.४ पर्यंत जाते. स्वस्त एलईडी पट्टी नेमक्या १२ साठी बनवलेली असते, ती १४ वर जास्त तापते आणि वर्षभरात तुकड्यातुकड्याने विझायला लागते. पट्टीच लावायची असेल तर ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवा आणि आधी १२ व्होल्ट डीसीचा व्होल्टेज स्टॅबिलायझर लावा.

पलंगाखाली पायापाशी एक अर्ध्या वॅटचा सेन्सरवाला दिवा, आपल्या जुन्या झिरोच्या बल्बचं काम करणारा. रात्री म्हातारी माणसं उठतात त्यांच्यासाठी हा हवाच. अंबर रंगाचा घेतलात तर शेजारच्याची झोप मोडत नाही. सेन्सर मात्र असा लावा की कूस बदलली की पेटणार नाही.

डिमर लावू का?

लावा, पण १२ व्होल्ट डीसीचा. पंख्याचा रेग्युलेटर इथे काहीच कामाचा नाही. स्वस्त डिमरने दिवा फडफडतो आणि एफएम रेडिओत खरखर येते, तेव्हा एक आणून बॅटरीला जोडून बघा, मग बाकीचे घ्या.

रात्रभर एवढं सगळं चाललं तर सकाळी गाडी सुरू होईल का?

पलंगाची लाइन गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीवर असेल तर शंका घ्यायला जागा आहे. वेगळी बॅटरी हवी. नव्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा) व्होल्टेज स्वतःच खालीवर करतो, त्यामुळे नुसत्या रिलेने दुसरी बॅटरी नीट भरत नाही, डीसी-टू-डीसी चार्जर लावावा लागतो.

रात्रीत बॅटरी किती खर्च होते त्याचा अंदाज हवा असेल तर हा घ्या. वाचायचे दोन दिवे तीन तास म्हणजे १८ वॅटअवर, १५ वॅटचा डीसी पंखा आठ तास १२०, दोन फोन ४०, एक लॅपटॉप ६०, पायाखालचा दिवा ४. बेरीज २४२, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण २० अँपअवर. १०० अँपअवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा हा पाचवा हिस्सा. लेड-ॲसिड असेल तर तिची निम्मीच वापरायची असं धरा, तरी दोन रात्री निघतात. यात दिव्यांचा वाटा किती किरकोळ आहे बघा, अर्धं तर पंखाच खातो. थंडीत पंखा नसतो, पण मग कोणीतरी इलेक्ट्रिक ब्लँकेट काढतं. निफाडची थंडी सोसवत नाही हे मान्य, तरी बॅटरीवर चालवायचं असेल तर झोपायच्या आधी अर्धा तास लावून बंद करा.

बाबांचं सीपॅप मशीन आहे, त्याचं काय?

त्याच्या कंपनीचा डीसी अडॅप्टर घ्या, इन्व्हर्टरवर नको. काही मशीन आतून २४ व्होल्टवर चालतात, ती थेट १२ वर जोडता येत नाहीत, त्यांना त्यांचाच कन्व्हर्टर लागतो. सगळ्यात जास्त पॉवर ह्युमिडिफायर आणि गरम नळी खाते, ते बंद ठेवून चालेल का हे डॉक्टरांना विचारा. या मशीनचं सॉकेट वेगळ्या फ्यूजवर ठेवा, म्हणजे मुलांनी काही घोळ घातला तरी बाबांचं मशीन चालू राहील.

रिसॉर्टवर किंवा शेतावर बाहेरून लाइट घेतली तर बेडरूममधला २३० चा पॉइंट सुरक्षित आहे ना?

गाडीत शिरताच डबल पोल एमसीबी आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) असेल, आणि गाडीची लोखंडी बॉडी अर्थला जोडलेली असेल, तर हो. यातलं एकही नसेल तर तो पॉइंट वापरूच नका. द्राक्षबागेतल्या पंपघराच्या किंवा लॉनच्या सॉकेटला अर्थची पिन दिसते, मागे तार असतेच असं नाही. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये बघा, २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. फेज-अर्थमध्ये भलतंच काही आलं तर लाइट न घेता बॅटरीवर रात्र काढा. पत्र्याची गाडी, ओली जमीन आणि अनवाणी पाय, यात शॉक बसला तर तो साधा नसतो. सिंहस्थाची शाही स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, म्हणजे भर पावसात, त्यामुळे त्यासाठी गाडी करणाऱ्यांनी आरसीसीबीवर पैसे वाचवू नयेत.

एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून जड लोड चालवू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर आतले वेढे तापतात.

अमेरिकन मोटारहोमचे व्हिडिओ बघून केलं तर?

कल्पना घ्या, तारांचे रंग घेऊ नका. त्यांच्याकडे लाइट १२० व्होल्टची, काळी तार म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. १२ व्होल्टच्या वायरिंगला सुद्धा त्यांच्या बऱ्याच गाड्यांत काळी पॉझिटिव्ह असते. आपल्या गाडीत काळी म्हणजे निगेटिव्ह. बघून जोडलं तर सरळ उलटं होईल.

आपल्याकडे अजून एक गोंधळ आहे. घरच्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल, गाडीत लाल पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह. एकाच पॅनलमागे दोन्ही गेल्या तर पुढचा माणूस ओळखणार कसा? २३० ची वायर वेगळ्या पाइपातून, वेगळ्या बाजूने न्या आणि पाइपावर ठिकठिकाणी मार्करने लिहा.

पॅनल आधीच लागलंय, भिंत कापायची भीती वाटते

वाटायलाच हवी. मागे लोखंडी रिब, खिडकीची रेल, जुनी वायर काहीही असू शकतं. आधी बारीक भोक पाडून वाकवलेल्या तारेने चाचपून बघा. आणि मॉड्युलर सॉकेटच्या बॉक्सला दीड-दोन इंच खोली लागते, गाडीच्या भिंतीत ती बहुतेक नसते. त्यापेक्षा भिंत कापूच नका, पलंगाच्या बॉक्सच्या कडेला किंवा डोक्याकडच्या कपाटाच्या तळाला सॉकेट बसवा, मागे जागा आयती मिळते आणि वायर कपाटातून लपते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची रिंग) हवंच.

घरचा वायरमन बोलवू की गाडीचा इलेक्ट्रिशियन?

१२ ला गाडीवाला, २३० ला घरचा. दोन्ही एकाकडून करून घेतलं की एका बाजूला काहीतरी राहतं. दोघांनाही सांगा की पिळून टेप मारलेला जॉइंट चालणार नाही, तारेच्या टोकाला लग (धातूचं टोक) लावून ते दाबून पक्कं करायचं, म्हणजे क्रिंप करायचं. मे महिन्यात बंद गाडीत टेपचा डिंक वितळून जॉइंट उघडा पडतो. क्रिंप झाल्यावर प्रत्येक तार हाताने जोरात ओढून बघा, निघाली तर तिथल्या तिथे परत करायला लावा. पॅनल बंद करायच्या आधी सगळ्या वायरिंगचे फोटो काढून ठेवा.

आरटीओचा काही प्रश्न येतो का?

दिवा किंवा यूएसबी सॉकेटमुळे नाही. पण सीटं काढून पलंग टाकला असेल तर आरसीवरची माहिती बदलते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली तो बदल नोंदवावा लागतो. कंपनीकडून तयार होऊन येणाऱ्या मोटार कॅराव्हानसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. पेठ रोडला आरटीओत आधी विचारून घ्या, आणि विम्यावाल्यांनाही कळवा.

गाडी भाड्याची आहे, काहीच भोक पाडता येत नाही

मग चुंबकाचे चार्जिंगवाले दिवे घ्या, पत्र्याला किंवा पडद्याच्या लोखंडी दांडीला चिकटतात. एक मोठी पॉवर बँक उशाशी, दिवसा गाडी चालताना पुढच्या सॉकेटवर भरून ठेवायची. दोन-तीन रात्रींसाठी एवढं पुष्कळ झालं.